सर्व बदला

मिलिंद, ते बटण मी दाबलं होतं.

तुला हे सांगण्यात काही अर्थ नाही. तुला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण हे तू वाचणार नाहीस, बाकीचे वाचणार आहेत आणि त्यांतल्या अनेकांना अजून माहीत नाही. आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत तुझ्या वडिलांचा फोटो दिसला नाही, त्यांच्या नावाआधी 'कै.' लागलं आणि एक जिवंत माणूस मेलेल्यांच्या पानावर जाऊन बसला, ते सगळं माझ्या हातून झालं. आपल्या मुरुम गावात लोक इतकी वर्षं ती तुझी चूक समजत आले. मी समजू दिलं.

एवढं कबूल केलं म्हणजे आता पुढं तुझ्याविषयी गोड लिहीन, असं समजू नकोस. तुला जाऊन पंधरवडाही झाला नाही आणि मला तुझा रागच येतो आहे. शाळेतल्या शोकसभेत एकामागून एक जण उठून सांगत होता, मिलिंद सर मितभाषी होते, कुणाला कधी दुखावलं नाही. मी खाली मान घालून बसलो होतो, लोकांना वाटलं रडतोय. मी दात आवळून बसलो होतो. मितभाषी! नववीच्या वर्गात गणित शिकवता शिकवता तू पोरांना काय सांगितलं होतंस? "तुमचे मराठीचे सर फोटो कसा सरकवत्यात ठावं हाय का? म्हैस ढकलल्यावानी. मागनं एंटर, एंटर, एंटर." दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर उतारा लिहीत होतो, ओळ संपली आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, एंटर दाबा." वर्ग हसला. मी कुणाला मारू? मारायचं होतं तुला.

आणि तुझं म्हणणं खरं होतं, याचा राग निराळा.

आपण एकाच बाकावर शिकलो, गुरुलिंगप्पा सरांच्या हाताखाली. पुढं त्याच शाळेत मास्तर झालो, तू गणिताचा, मी मराठीचा. माझ्या प्रबंधाच्या वेळी तू अख्खी मे महिन्याची सुट्टी माझ्या घरी कूलरसमोर काढलीस. विषय होता शेतीच्या अवजारांची या भागातली नावं. प्रत्येक अवजाराचा फोटो, खाली नाव, शेजारी माहिती. मी वर एक ओळ घातली की खाली तिफणीच्या फोटोखाली कुळवाचं नाव यायचं, आणि कुळव उडी मारून पुढच्या पानावर. मी कपाळाला हात लावायचो.

"हे बघ दिग्या," तू म्हणाला होतास, "फोटो म्हंजी जनावर. कुठल्या ना कुठल्या परिच्छेदाच्या खुंटीला बांधलेलं असतंय. परिच्छेद हलला की खुंटी हलती. तू वर चार एंटर मारतोस, खाली जनावर वावर सोडून जातंय, मंग बोंबलतोस फोटो कुठं गेला म्हून."

"मग करायचं काय?"

"खोक्यात घाल."

तुझं ते खोकं. दोन कप्प्यांचा तक्ता, वरच्या कप्प्यात फोटो, खालच्यात नाव, रेघा पुसलेल्या. "फोटो आन् नाव एका घरात ऱ्हायलं पायजे. मंग कुठंबी गेलं तरी संगट जातंय." अडीचशे पानांचा प्रबंध तू असा खोक्याखोक्यांनी बांधलास. मला पदवी मिळाली तेव्हा पेढा तोंडात टाकत म्हणालास, "डॉक्टर तुझ्या नावाम्होरं हाय, पण मार्जिन माझं हाय."

मी तेव्हाही वाद घातला होता आणि आजही घालतो. तुझ्या खोक्यातले फोटो ओळखपत्रावरच्या फोटोंसारखे दिसायचे. मध्ये फोटो, दोन्ही बाजूंना पांढरं ओसाड. मजकूर फोटोला बिलगून वाहिला पाहिजे, पुस्तक असं दिसतं. तू म्हणायचास, "वाहतंय ते पाणी. मजकूर जागेवर बसला पायजे." हा वाद आपला संपलाच नाही. तू मध्येच उठून गेलास.

स्मरणिकेचं काम आपल्या दोघांवर आलं तेव्हा मला आनंद झाला होता, हे खरं आहे. पहिल्या महिन्यात आपण किती हसलो. मग ती बैठक झाली. 'जे आज आपल्यात नाहीत' या विभागाची यादी मी वाचून दाखवली. प्रत्येक नावाआधी कै., कै., कै. तू पेन खाली ठेवलंस.

"दिग्या, माझ्या बापानं धम्म घेतलाय. त्येला कैलासाला कशापायी धाडतोस? तिथं त्येच्या वळखीचं कोण न्हाय."

सगळे हसले. मग लिंगायत मंडळींपैकी एक सर म्हणाले, आमच्या माणसांना लिं. लिहा, लिंगैक्य झालेत ते. उर्दूच्या मॅडम म्हणाल्या, आमच्याकडं मरहूम लिहितात. तू म्हणालास, "आमचं कालकथित." मी म्हणालो, "अहो, स्मरणिकेला काही एकसारखेपणा हवा की नको?"

"माणसं एकसारखी जगली न्हाईत दिग्या," तू म्हणालास. "मेल्यावर कशाला एकसारखी करतोस?"

ठराव तुझ्या बाजूनं झाला. मीही मान हलवली. पण भाषा हा माझा विषय होता, मिलिंद. माझ्या विषयात, माझ्या यादीवर, सगळ्यांसमोर तू मला दुरुस्त केलं होतंस. बाहेर पडताना तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. ती थाप मला चपराकीसारखी लागली. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की पुढचं सगळं मी एकसारखेपणासाठी केलं. ते खोटं आहे. त्या थापेसाठी केलं.

तू फाइल पूर्ण केलीस. तुला प्रशिक्षणासाठी धाराशिवला जायचं होतं. जाताना म्हणालास, "आता हिला हात लावू नको. कुणी शिंकलं तरी फोटो हलत्यात. आल्यावर म्या एकदा बघतो, मंग छापायला." दुसऱ्या दिवशी दुपारी सोलापूरच्या छापखान्याचा निरोप आला, आजच्या आज पाठवा, नाहीतर समारंभाला मिळणार नाही. शाळेचा संगणक मीच हट्टानं मराठीत करून घेतला होता. शोधा, बदला. आणि त्याखाली ते बटण: 'सर्व बदला'.

मी शोधात 'कालकथित' लिहिलं, बदलीत 'कै.', आणि दाबलं. 'मरहूम' लिहिलं, दाबलं. 'लिं' लिहिलं. पुढचं टिंब द्यायचं राहिलं. दाबलं. मग हात सुटलाच आहे तर म्हणून गुरुलिंगप्पा सरांच्या मुलाखतीतले आणि 'जे आज आपल्यात नाहीत' विभागातले फोटो तुझ्या खोक्यांतून बाहेर काढले आणि मजकूर त्यांच्याभोवती वाहू दिला. पहिली चार-दोन पानं पाहिली. देखणी दिसत होती. तुझी आठवण काढून मी हसलो, म्हटलं, ये आता आणि बघ. तुला फोन करावा असं एकदाही वाटलं नाही. फाइल सोलापूरला गेली.

खालची पानं मी पाहिली नाहीत. तिथं ओळी आखूड होऊन वर सरकल्या होत्या आणि तुझी सगळी जनावरं खुंट्यांसकट उठली होती. मुलाखतीच्या शेवटी असलेला गुरुलिंगप्पा सरांचा फोटो आणि पुढच्या विभागातला तुझ्या वडिलांचा फोटो एकाच जागी येऊन बसले, एकावर एक. वर सर, खाली तुझे वडील, पूर्ण झाकलेले. त्याखाली नाव: 'कै. सटवाजी, गवंडी. शाळेच्या पहिल्या चार खोल्या यांच्या हातच्या.' आणि टिंब नसलेल्या त्या 'लिं'नं सरांच्या नावातही हात घातला होता. तुझ्या नावातलं 'लिं' तेवढं वाचलं, कारण संपादकांचं पान आधीच छापून झालं होतं. 'गुरुलिंगप्पा सरांशी गप्पा' हे मुलाखतीचं शीर्षक छापून आलं ते 'गुरुकै.गप्पा सरांशी गप्पा' असं.

सुवर्णमहोत्सवाच्या मंडपात पहिल्या रांगेत सर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, पण चष्मा कपाळावर चढवून वाचणारे. तू धाराशिवहून थेट मंडपात आला होतास, हातात बॅग तशीच. स्मरणिका वाटली गेली आणि सरांचा आवाज आला.

"यप्पा! म्या कवा मेलो रं?"

अर्धा मंडप हसला, अर्धा चूप झाला. सर पान वर धरून विचारत होते, "आन् ह्यो गुरुकैगप्पा कोण? मला तर निरोपबी न्हाय!" ते स्वतः हसत होते. संस्थेचे अध्यक्ष हसत नव्हते. त्यांनी माइकवरच विचारलं, "ही फाइल कोणाकडं होती?"

तू पान उघडलंस. तुझ्या वडिलांच्या जागी तुला सर दिसले आणि नावाआधी ते अक्षर. मग तू माझ्याकडं पाहिलंस. ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू फक्त वाट पाहिलीस, मी बोलायची.

मी म्हणालो, "फाइल मिलिंद सरांकडं होती."

यात एकही शब्द खोटा नव्हता, असं मी त्या रात्री बायकोला सांगितलं. तिनं विचारलंसुद्धा नव्हतं.

तू स्टेजवर गेलास, माइक घेतलास, सरांची माफी मागितलीस. सर म्हणाले, "आरं लेका, मेल्याचा दाखला आधीच मिळाला, खेटं वाचलं." पुन्हा हशा. त्या हशात तू खाली उतरलास. मंडपाच्या मागं पाण्याच्या रांजणांजवळ तुझ्या वस्तीतले एक म्हातारे गृहस्थ तुला अडवून उभे राहिले, ते मी पाहिलं. ऐकलंही.

"सटवाजीच्या पोरा, नोकरीपायी बापाचा धम्म काढून घेतलास व्हय? तोंडबी न्हाय ठेवलंस बापाचं?"

मी दहा पावलांवर होतो. मी पेला भरून घेतला आणि निघून गेलो.

आता माझं ऐक. तुला त्या म्हाताऱ्यांना सांगता आलं असतं. अध्यक्षांना सांगता आलं असतं. फाइल शेवटी कुणी आणि कधी उघडली, हे संगणकावर दिसतं, हे तूच मला शिकवलं होतंस. दोन मिनिटांचं काम. तू केलं नाहीस. लोक म्हणतील, मोठं मन. मला माहीत आहे, ते मोठं मन नव्हतं. तू मला खुंटीला बांधून ठेवलंस. दुसऱ्या दिवशी मी शिक्षक खोलीत आलो तर म्हणालास, "या सर." पहिलीपासून तू मला दिग्या म्हणत आलास. त्या दिवसापासून सर. तुम्ही, आपण, बसा. तुझ्या तोंडच्या सगळ्या शिव्या मी खाल्ल्या आहेत मिलिंद, एवढी घाण शिवी तू कधी दिली नव्हतीस.

आणि ती दुसरी गंमत. मधल्या सुट्टीत चहा आला की तू मोठ्यानं म्हणायचास, "चला, कैगप्पा मारू." शिक्षक खोलीत तो शब्द रुळला. नवीन आलेले शिक्षकही म्हणायला लागले, त्यांना कुठून आला ते माहीत नव्हतं. सगळे हसायचे. तू माझ्याकडं न बघता हसायचास. रोज. शाळेतला एकही चहा तू मला सुखानं पिऊ दिला नाहीस.

तरी एकदा, दहावीच्या सराव परीक्षेच्या सकाळी, माझ्या प्रश्नपत्रिकेतलं चित्र उडून उत्तरसूचनांवर बसलं होतं आणि मी घामाघूम होऊन एंटर मारत होतो. तू माझ्या खांद्यावरून वाकलास, माउस घेतलास, खोकं केलंस, चित्र आत टाकलंस. "झालं सर." गेलास. तुझ्या बाहीला खडूचा वास होता. मला त्या क्षणी तुझे पाय धरावेसे वाटले आणि तुला ढकलून द्यावंसंही वाटलं.

मी माफी मागितली नाही असं नाही. उमरग्याच्या स्टँडसमोर, चहाच्या टपरीवर, आपण दोघंच होतो. मी म्हणालो, "मिलिंद, त्या स्मरणिकेबद्दल मला माफ कर." तू बशी खाली ठेवलीस. किती तरी दिवसांनी मला 'सर' सोडून 'तू' म्हणालास.

"खोटं मंडपात बोललास आन् माफी टपरीवर मागतोस व्हय?"

"मग काय करू?"

"जिथं सांडलंय तिथं पूस." चहाचे पैसे ठेवलेस. "येतो सर."

मी मंडप शोधला नाही. स्नेहसंमेलनं झाली, निरोप समारंभ झाले. गुरुलिंगप्पा सर खरोखर गेले, त्यांच्या पत्रिकेवर लिं. नीट छापलं होतं, तीही सभा झाली. प्रत्येक वेळी माइक माझ्यापासून हातभर लांब होता. मी सूत्रसंचालक होतो रे, माइक माझ्याच हातात असायचा.

सोलापूरच्या दवाखान्यात तुला भेटायला आलो तेव्हा तुझी पोटरी काठीसारखी झाली होती. सुजाता वहिनी औषधं आणायला खाली गेल्या. मी खुर्ची ओढली, म्हणालो, "मिलिंद, ते..." तू हात वर केलास. श्वास लागत होता तरी इकडं तिकडं पाहिलंस, पंख्याकडं, पडद्याकडं.

"हितं मंडप हाय का?"

आणि हसलास. मरताना तरी सोडायचं होतंस मला. इतका कडक माणूस मी पाहिला नाही. बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि तुला शिव्या दिल्या, मोठ्यानं. एक नर्स थांबून बघत होती.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेनं तुझं श्रद्धांजलीचं पान माझ्याकडं दिलं. मी मराठीचा, म्हणजे मीच. आपले लिपिक शेजारी बसले होते. चांगले आहेत, नवे आहेत. फोटो टाकून म्हणाले, "सर, नावाआधी कै. लावू ना?"

मी इतक्या जोरात 'नाही' म्हणालो की ते बिचारे उठून उभे राहिले.

मग मी एकटाच बसलो. तुझा फोटो टाकला आणि सवयीनं मजकूर भोवती वाहू दिला. दोन ओळी लिहिल्या, फोटो खाली गेला. एक ओळ खोडली, फोटो वर आला आणि तुझ्या नावावर बसला. मेल्यावरही छळतोस, असं मी पडद्याला म्हणालो. शेवटी खोकं केलं. वर फोटो, खाली 'कालकथित मिलिंद सर'. वर चार ओळी लिहून पाहिल्या, पाच एंटर मारून पाहिले. तू हललास, पण नावासकट हललास. दिसायला अजूनही ओळखपत्रच, हे माझं मत कायम आहे.

ते झाल्यावर मी स्मरणिकेची जुनी फाइल उघडली. त्या पानावर गेलो, सरांचा फोटो धरून बाजूला ओढला. खाली तुझे वडील होते. इतकी वर्षं तिथंच. शाळेच्या अर्धवट भिंतीपुढं उभे, हातात ओळंबा, उन्हानं डोळे बारीक केलेले. पुसले गेले नव्हते, हरवले नव्हते. कधीही, कुणीही, एका बोटानं सर बाजूला केले असते तर दिसले असते. कुणीही म्हणजे मी.

त्यांचं पान नव्यानं केलं. खोक्यात. दोन्ही पानं छापून घेतली आणि जलदान विधीला तुझ्या घरासमोर आलो. तिथं मंडप होता.

तुझी आई पुढंच बसली होती. मी पान तिच्या हातात दिलं. तिनं फोटोवर बोट फिरवलं, ओळंब्यावर थांबवलं. वहिनींनी खालची ओळ वाचून दाखवली, "कालकथित सटवाजी." म्हातारी माझ्याकडं बघत म्हणाली, "आत्ता केलंय व्हय हे? माझ्या लेकानं तवा उलटं छापलं, म्या त्येच्याशी वरीसभर धड बोलले न्हाय. इचारलं तर म्हनायचा, आये, ज्यानं केलं त्यो सांगंल. मला वाटायचं सोत्ताची चूक दुसऱ्यावर ढकलतंय."

म्हणजे तू आईलाही सांगितलं नव्हतंस. तिचा अबोला तू अंगावर घेतलास, तो मला वाचवायला नाही, हे मी जाणतो. ते वाक्य माझ्या तोंडून यायला हवं होतं आणि तू त्याची जागा दुसऱ्या कुणाला देणार नव्हतास. तुझ्या या हट्टाला मी नमस्कार करणार नाही. त्यानं तुझं एक वर्ष खाल्लं, तुझ्या आईचं खाल्लं, मला तर अख्खं खाल्लं. पण त्या मंडपात उभा राहिलो तेव्हा कळलं, जागा अजून मोकळी होती.

भंतेजींची गाथा संपली. कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का, असं विचारलं गेलं. मी उठलो. रांजणाजवळचे ते म्हातारे गृहस्थ दिसतात का ते पाहिलं, ते नव्हते, त्यांचा मुलगा होता. अध्यक्ष होते, आपले सगळे शिक्षक होते. मी श्रद्धांजली वाहिली नाही. माइक घेतला आणि तुझ्या आईकडं तोंड केलं.

"आई," मी म्हणालो, "त्या दिवशी फाइल मिलिंदकडं नव्हती. माझ्याकडं होती. सटवाजीबाबांचं नाव मी बदललं, त्यांचा फोटो माझ्यामुळं झाकला गेला, आणि मंडपात मी खोटं बोललो. मिलिंदनं काही केलं नव्हतं. मला माफ करा."